संडे स्कूलचे वर्ष मुलांच्या वर्षावरून आखावे

वाचकाचे पत्र

सप्रेम सलाम. मी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. येत्या जूनपासून आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलची (रविवारी मुलांना बायबल शिकवण्याच्या वर्गाची) जबाबदारी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, माझ्यावर सोपवली आहे. चार ते पंधरा वर्षे वयाची सुमारे तीस मुले असून उपासना चालू असताना त्या सर्वांना चर्चमागच्या एकाच खोलीत बसवले जाते. दिवाळीच्या सुमारास निम्मी मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्चअखेरीस परततात, त्यामुळे कोणताही अभ्यासक्रम पुरा होत नाही. तेरा वर्षांपुढची मुले यायचे टाळतात. एक ज्येष्ठ मदतनीस छडी घेऊन बसतात आणि वस्तीवरच्या मुलांना एकेकाला मोटारसायकलवरून आणतात व पोहोचवतात. त्यांचा हेतू चांगला आहे, तरी मला अवघडल्यासारखे होते. शेजारची इतर धर्मीय मुलेही अधूनमधून येतात. कमिटीचे म्हणणे एवढेच की नाताळचा कार्यक्रम चांगला झाला पाहिजे. वर्षाची आखणी कशी करावी आणि सुरुवात कोठून करावी?

– एक शिक्षिका, जि. बीड

उत्तर

प्रिय भगिनी,

प्रभूच्या नावाने सलाम. आपल्या पत्रात ऊसतोडीचा उल्लेख अडचणींच्या यादीत आला आहे. मात्र मी आपल्या जागी असते तर संपूर्ण वर्षाची आखणी तेथूनच सुरू केली असती. आपल्याकडच्या बहुतेक मंडळ्यांत संडे स्कूलचे वर्ष मोठ्या माणसांच्या कार्यक्रमांवरून ठरते, म्हणजे नाताळ, ईस्टर आणि वार्षिक बक्षीस समारंभ यांच्या तारखा आधी पडतात आणि मधले रविवार जमेल तसे भरले जातात. मुलांचे वर्ष निराळे असते. ते जूनच्या मध्याला शाळेबरोबर सुरू होते, दसरा-दिवाळीच्या सुमारास गळीत हंगामाने दुभंगते, मार्च-एप्रिलमध्ये परीक्षेच्या दडपणाखाली जाते आणि मे महिन्याच्या उन्हात थांबते. या वर्षाला धरून आपण काम आखले, तर आज जी अडचण दिसते तिचा बराचसा भाग मुळात उरणारच नाही.

सुरुवात एप्रिल-मे महिन्यात करावी, कारण त्या वेळी तोडीची कुटुंबे गावात परतलेली असतात. एक जाड रेघांची वही घ्यावी आणि एखाद्या मदतनीस भगिनीला बरोबर घेऊन संध्याकाळच्या वेळी प्रत्येक मुलाच्या घरी जावे. वहीत मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, इयत्ता, शाळेचे माध्यम, पालकांचे नाव व फोन नंबर, मुलाला काही आजार किंवा औषध आहे काय, रविवारी त्याला कोण आणील व कोण नेईल आणि हंगामात ते मूल कोठे असेल, एवढे लिहून घ्यावे व शेवटी पालकांची सही घ्यावी. ही नोंद दिसायला किरकोळ वाटते, परंतु त्या एका फेरीत आपल्याला जे कळेल ते वर्षभर वर्गात बसूनही कळत नाही: कोणत्या घरात फक्त आजी आहे, कोणत्या घरात वडील उपासनेला कधीच येत नाहीत, कोणते मूल धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी रविवारी घरी थांबते. आपण शिक्षिका आहात, पटनोंदणीसाठी घरोघर फिरण्याची सवय आपल्याला आहेच.

त्यानंतर वर्षाचे तीन सरळ भाग करावेत. जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत सर्व मुले गावात असतात. पायाभूत शिकवण याच काळात पुरी करावी. दिवाळीपासून मार्चपर्यंत निम्मी मुले गावात असतात. या काळात अशा कथा घ्याव्यात की ज्यांचा प्रत्येक पाठ स्वतंत्र असेल आणि एखादा चुकला तरी पुढचा समजेल. एप्रिल हा परतलेल्या मुलांचा महिना समजावा. वर्षात रविवार बावन्न असले तरी सण, लग्नसराई, परीक्षा आणि पावसाची झड वजा जाता हाती चाळीसच्या आसपास उरतात, आणि तोडीला जाणाऱ्या मुलांच्या वाट्याला तर त्याच्या निम्म्याहून थोडेच अधिक येतात. म्हणून त्यांच्यासाठी जून ते दसरा हाच खरा अभ्यासक्रम आहे असे धरून चालावे आणि तो काळ कशातही वाया जाऊ देऊ नये. अनेक ठिकाणी ऑगस्टपासूनच नाताळच्या नाचाची तालीम सुरू होते. ती आपण निश्चयाने थांबवावी.

जी मुले जातात त्यांच्याशी संबंध कसा ठेवायचा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. हजेरीपटावरचे त्यांचे नाव कापू नये. त्या नावापुढे गैरहजेरीची खूण न करता ते मूल ज्या कारखान्यावर आहे त्याचे नाव लिहावे आणि दर रविवारी वर्गात त्या मुलांसाठी नावानिशी प्रार्थना व्हावी. ही प्रार्थना गावात राहिलेल्या मुलांनीच करावी, म्हणजे आपला सोबती पहाटेच्या थंडीत आईवडिलांबरोबर फडात आहे, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहतो आहे, याची जाणीव त्यांना राहते. निघण्यापूर्वीच्या रविवारी प्रत्येक मुलाला एक लहान वही द्यावी आणि तीत हंगामाच्या महिन्यांसाठी थोडी वचने, चित्र काढण्यास मोकळी पाने आणि आपला फोन नंबर असावा. कोयत्यावर गेलेल्या बहुतेक कुटुंबांत आता एखादा मोबाइल असतो. आठवड्यातून एकदा पालकांच्या फोनवर दोन-तीन मिनिटांची गोष्ट आवाजात पाठवणे फार अवघड नाही. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या कारखान्यांच्या जिल्ह्यांत जुन्या मंडळ्या आहेत. पालकांची इच्छा असल्यास पाळकसाहेबांनी तेथील पाळकांना फोन करून कुटुंबाचा ठावठिकाणा कळवावा. टोळीला रविवारची सुट्टी असतेच असे नाही, आणि उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या माणसाला मुकादमाकडे रजा मागणेही सोपे नसते, म्हणून ती मुले तेथील चर्चमध्ये नियमित जातील अशी अपेक्षा धरू नये. तेथील एखादे माणूस नाताळच्या आठवड्यात फडावर जाऊन त्यांना भेटले, तरी त्या कुटुंबाला आपण विसरले गेलो नाही हे कळते.

मागे राहणारी मुले हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. शाळा बुडू नये म्हणून काही मुलांना आजीआजोबांकडे ठेवतात, काही हंगामी वसतिगृहाच्या सोयीवर राहतात. या मुलांचे आईवडील पाच-सहा महिने दूर असतात. अशी मुले रविवारी अधिक चिडचिडी किंवा अधिक गप्प दिसतात आणि शिस्तीचा बडगा नेमका त्यांच्यावरच पडतो. हंगामाच्या काळात प्रत्येक अशा मुलामागे मंडळीतील एक कुटुंब नेमून द्यावे. त्या कुटुंबाने आजीची विचारपूस करावी, मुलाला आपल्या मुलांबरोबर चर्चला आणावे आणि रविवारी दुपारी आजीसह जेवायला बोलवावे. यासाठी पैसा लागत नाही, पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून एकदा मनापासून सांगावे लागते.

आता हजेरीच्या बक्षिसाविषयी. वर्षभर एकही रविवार न चुकवणाऱ्या मुलाला बक्षीस देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे आणि ती चांगल्या हेतूने सुरू झाली आहे. पण आपल्या मंडळीत हे बक्षीस कोणाला मिळते हे एकदा पाहावे. ज्याचे वडील नोकरीत आहेत, ज्याला गाव सोडावे लागत नाही, त्यालाच ते मिळू शकते. ज्याचे आईवडील तोडीला जातात त्याने कितीही आवडीने यावे, त्याच्या वाट्याला ते कधीच येणार नाही. दरवर्षी साऱ्या मंडळीसमोर आपण त्या मुलाला हेच सांगत असतो, आणि सांगतो तेही ज्या येशूने बालकांना जवळ घेऊन आशीर्वाद दिला त्याच्या घरात. हे बक्षीस बंद करावे असे माझे आग्रहाचे मत आहे. बक्षीस द्यायचेच असेल तर प्रत्येक मुलाला सारखेच द्यावे, एक पुस्तक किंवा रंगपेटी, आणि ते एप्रिलमध्ये सर्वजण परत आल्यावर द्यावे. काही पालक नाराज होतील. त्यांना आपण कारण सांगितले तर त्यांतील बहुतेकांना ते पटेल.

नाताळबाबत कमिटीशी भांडण करू नये. डिसेंबरमध्ये गावात असलेल्या मुलांनी गाणी म्हणावीत, ख्रिस्तजन्माचा साधा प्रसंग सादर करावा, शेजाऱ्यांनी यावे, केक आणि फराळ व्हावा. एवढ्यासाठी आगमनकालातील, म्हणजे नाताळापूर्वीच्या, चार रविवारांची तालीम पुरते. मुलांचा मुख्य कार्यक्रम मात्र ईस्टरच्या आसपास न्यावा. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान फिरत असतो. 2026 साली तो 5 एप्रिलला आहे, 2027 साली 28 मार्चला. ज्या वर्षी तो लवकर येतो त्या वर्षी कार्यक्रम ईस्टरनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी ठेवावा. पुनरुत्थानाचा आनंद त्या एकाच दिवसापुरता नसतो, आणि परतलेल्या मुलांना गाण्यात व नाटिकेत जागा मिळणे महत्त्वाचे आहे. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) मिरवणुकीत कोण पुढे चालणार, हेही याच दृष्टीने ठरवावे.

काय शिकवावे, हा आपल्या पत्रात सरळ न विचारलेला प्रश्न मला सर्वात जिव्हाळ्याचा वाटतो. छापील धडे आणावेत. भारतात 1876 पासून काम करणाऱ्या इंडिया संडे स्कूल युनियनसारख्या संस्थांचे साहित्य आहे आणि आपल्या धर्मप्रांताच्या कार्यालयातही चौकशी करावी. पण धडा कोठूनही आणला तरी तो आपल्या मुलांच्या आयुष्यावर आणून बसवण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते. मराठवाड्यातील मुलांजवळ त्यासाठी असे काही आहे, जे शहरातील मुलांजवळ नाही. पवित्र शास्त्रातील कितीतरी कथा दुष्काळ, स्थलांतर, मजुरी, विहीर, कळप आणि पीक यांच्याच आहेत.

योसेफाची कथा घेताना पहिल्या रविवारी मुलांना घरचा अभ्यास द्यावा: आजीआजोबांना 1972 च्या दुष्काळाविषयी विचारून या. मुले सुकडीची (दुष्काळात वाटलेल्या पौष्टिक पिठाची), खडी फोडण्याच्या कामाची, विकलेल्या बैलांची हकिकत घेऊन येतील. थोड्या मोठ्या मुलांना 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले होते हे सांगता येईल. त्यानंतर मिसरचा राजा फारो याच्या स्वप्नातील सात सुकाळाची आणि सात दुष्काळाची वर्षे शिकवावीत. धान्य साठवून ठेवण्याची योसेफाची योजना मुलांना कोणी वेगळी समजावून द्यावी लागत नाही. ज्या भावांनी आपल्याला विकले तेच उपाशीपोटी दारात उभे राहिल्यावर योसेफाने काय केले, इथपर्यंत वर्ग आपोआप येतो, आणि तेथे मुलांना बोलू द्यावे.

रूथचे पुस्तक तर दसऱ्यापूर्वी अवश्य घ्यावे. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, एक माणूस बायको व दोन मुले घेऊन मवाबात जगायला जातो, तेथे तो आणि पुढे दोन्ही मुलगे मरण पावतात, आणि त्याची बायको नामी आपली सून रूथ हिच्याबरोबर सातूच्या हंगामाच्या आरंभी रित्या हाताने गावी परतते. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते. कापणी करताना कडेचे पीक आणि गळालेली कणसे गरिबांसाठी व परक्यांसाठी राखून ठेवावीत असे लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे, हे मुलांना दाखवावे. ज्या मुलांनी ज्वारी काढल्यावर आईबरोबर सरवा वेचला आहे त्यांना ही गोष्ट ऐकताना आपले घर ओळखीचे वाटेल, आणि अशा बाईच्या वंशात दावीद व पुढे येशू जन्माला आला हे समजल्यावर त्यांनी डिसेंबर महिना कोठेही काढला तरी नाताळ त्यांच्यापासून दूर राहणार नाही. ही कथा तोडीला निघण्यापूर्वी सांगितलेली असणे मला फार आवश्यक वाटते.

येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात (बोधकथेत) एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे पाभरीने किंवा तिफणीने तासात बी पडते, म्हणून चाणाक्ष मूल विचारतेच की वाटेवर आणि काट्यांत बी टाकणारा हा कसला शेतकरी. तेथे मुठीने बी फेकून पेरण्याची पद्धत होती, हे आधी सांगावे. नंतर मुलांना काळ्या रानाचे एक ढेकूळ, मुरमाड माती आणि पायवाटेवरची घट्ट माती घरून आणायला सांगावी आणि तिन्हींत हरभरा पेरून तो वर्गात ठेवावा. लहान मुलांना पुढच्या रविवारी तो पाहायला यायचेच असते.

भाषेविषयी थोडेच सांगते. पवित्र शास्त्राच्या जुन्या मराठी भाषांतराची भाषा सुंदर आहे, परंतु इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ती वाचता येत नाही आणि लहानांना कळत नाही. कथा आपल्या घरच्या बोलीत सांगावी, मुलांनी पाठ करायचे सुवर्णवचन मात्र शास्त्रातील शब्दांतच द्यावे आणि ते लहान असावे. दर आठवड्याला नवे वचन देण्यापेक्षा एकच वचन तीन रविवार चालवावे, चालीवर म्हणावे, त्याचा अर्थ मुलांकडून त्यांच्या शब्दांत काढून घ्यावा.

तीस मुलांना एका खोलीत एकच गोष्ट सांगणे थांबवावे. चार ते सात, आठ ते बारा आणि तेरापासून पुढे, असे तीन गट पुरेत. जागा नसेल तर एक गट खोलीत, एक ओट्यावर, एक झाडाखाली बसवावा. सुरुवातीचे गाणे आणि प्रार्थना सर्वांची एकत्र, मग पाऊण तास गटागटांत. लहानांच्या गटात गोष्ट दहा-बारा मिनिटांच्या पुढे लांबवू नये. उरलेला वेळ अभिनय, चित्र, माती, खेळ यांत जावा. सकाळी न खाता येणारी मुले असतात, म्हणून प्रारंभीच केळे किंवा शेंगदाणा-गूळ द्यावा. शेंगदाण्याने त्रास होणारे मूल असेल तर ते आपल्या वहीत लिहिलेले असेलच.

वर्ग उपासनेच्या वेळी भरवू नये, अशी माझी सूचना आहे. तो उपासनेपूर्वी एक तास भरवावा आणि नंतर मुलांनी आपापल्या कुटुंबाबरोबर बसावे. उपासनेच्या वेळी वर्ग चालला की मुलांना मंडळीची उपासना कधी दिसत नाही आणि शिक्षकांना वर्षानुवर्षे प्रवचन व प्रभुभोजन नीट लाभत नाही. चांगले मदतनीस थकून सोडून जातात त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. वेळ बदलणे शक्यच नसेल तर प्रत्येक गटासाठी दोघांच्या दोन जोड्या कराव्यात व त्यांनी आळीपाळीने यावे, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी वर्ग न घेता सर्व मुलांनी आत बसावे. मूल रडेल, मध्येच उठेल. ज्येष्ठांनी ते सहन करावे, असे पाळकसाहेबांनी सांगितले पाहिजे.

आता त्या ज्येष्ठ मदतनिसांविषयी. आपल्याला अवघडल्यासारखे वाटले हे योग्यच आहे, आणि ही गोष्ट पुढे ढकलू नये. त्यांच्यावर संशय घेण्याचे कारण आपल्या पत्रात नाही, तसा संशय बोलूनही दाखवू नये. नियम मात्र सर्वांसाठी असावेत, पाळकसाहेबांपासून आपल्यापर्यंत. कोणतीही मोठी व्यक्ती कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत, वाहनावर किंवा घरी एकटी असू नये. प्रत्येक गटावर दोन मोठी माणसे असावीत आणि ती शक्यतो एकाच घरातील नसावीत. दार उघडे असावे. लहान मुलीला स्वच्छतागृहाकडे नेताना स्त्री मदतनीस आणि आणखी एक मूल बरोबर असावे. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय कोणाच्याही मोबाइलवरून बाहेर जाऊ नयेत. वस्तीवरच्या मुलांसाठी पालकांपैकी एकाने सोबत येऊन सर्वांना एकत्र आणावे किंवा मंडळीने रिक्षा ठरवून तिच्यात एक पालक बसवावा. छडी पूर्णपणे बंद व्हावी. शाळांत शारीरिक शिक्षेला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. जी गोष्ट सरकारी शाळेत चालत नाही ती देवाच्या घरात चालू ठेवण्याचे समर्थन कोणालाही करता येणार नाही. हे त्या गृहस्थांना आपण एकटीने सांगू नये. पाळकसाहेबांनी आणि कमिटीच्या एका ज्येष्ठ सभासदाने त्यांना घरी जाऊन आदराने सांगावे आणि त्याच वेळी दुसरे काम सोपवावे. उदाहरणार्थ, मुलांना भजने शिकवणे किंवा पेटी वाजवणे. वडीलधाऱ्या माणसाला काम काढून घेतल्याचे दुःख होते, दुसरे काम दिल्यावर ते हलके होते.

कायद्याची माहिती आपल्या सर्व मदतनिसांना असली पाहिजे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा 2012 चा आहे आणि त्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवणे कलम 19 प्रमाणे बंधनकारक आहे. न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील माणसाने तेथील बालकावर केलेला लैंगिक अत्याचार हा कायदा अधिक गंभीर धरतो. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही. म्हणून मंडळीची बदनामी होईल, आपसांत मिटवू, मुलीचे लग्न व्हायचे आहे, ही कारणे ऐकून घेऊ नयेत. मुलाने काही सांगितले तर शांतपणे ऐकावे, खोदून प्रश्न विचारू नयेत, तुझी चूक नाही असे त्याला सांगावे, त्याच दिवशी पोलिसांना कळवावे आणि त्या मुलाचे नाव कोणापुढेही घेऊ नये. 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावा.

इतर धर्मीय शेजाऱ्यांची मुले येतात, त्यांच्याशी प्रेमाने वागावेच. परंतु त्यांच्या आईवडिलांना नेमके काय शिकवले जाते हे स्वतः जाऊन सांगावे आणि त्यांची स्पष्ट संमती असेल तरच त्या मुलांना वर्गात बसवावे. संमती नसेल तर नाताळला पाहुणे म्हणून त्यांनी आईवडिलांसह यावे. खाऊ, कपडे, वह्या यांची लालूच वाटेल असे काहीही करू नये आणि कोणत्याही मुलाला घरच्यांपासून काही लपवायला सांगू नये. हे सध्याच्या वातावरणाच्या भीतीने सांगत नाही. दुसऱ्याच्या लेकराविषयीचा निर्णय त्याच्या आईवडिलांचा आहे, असे मी मानते.

तेरा वर्षांपुढची मुले येत नाहीत, कारण त्यांना अजूनही लहान मुलांच्या गोष्टी ऐकवल्या जातात किंवा लहानांना सांभाळायला बसवले जाते. त्यांना वेगळा गट, वेगळा शिक्षक आणि प्रश्न विचारण्याची मोकळीक द्यावी. विज्ञानाच्या पुस्तकात जे शिकवतात आणि बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात जे आहे त्यांचा मेळ कसा घालायचा, वडिलांनी दारू सोडावी म्हणून प्रार्थना केली तरी ती का सुटली नाही, गावात आपल्याला अजूनही जातीने का ओळखतात, चर्चमध्ये भांडणे का होतात, हे त्यांचे प्रश्न असतात. उत्तर ठाऊक नसेल तर पाळकसाहेबांना विचारून पुढच्या रविवारी सांगेन, असे शिक्षकाने म्हणावे आणि ते पाळावे. दुःख सोसणाऱ्या ईयोबाचे पुस्तक आणि शंका घेणाऱ्या थोमाची हकिकत या वयाला शिकवावी. दृढीकरणाची (मोठे झाल्यावर स्वतः विश्वास जाहीर करण्याच्या विधीची) तयारीही घाईने दोन आठवड्यांत उरकण्यापेक्षा याच गटात वर्षभर सावकाश व्हावी. ज्यांना खरोखर आवड आहे अशा एक-दोघांनी लहानांच्या गटात मदत करावी, पण स्वतःचा वर्ग बुडवून नव्हे.

कमिटीकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नये, एका पानाचा अर्ज न्यावा. त्यात वर्गाची नवी वेळ, मदतनिसांची नावे, सुरक्षिततेचे नियम ठरावाच्या रूपाने मंजूर करण्याची विनंती आणि वार्षिक अंदाजपत्रकात संडे स्कूलसाठी स्वतंत्र रक्कम, एवढेच मागावे. रक्कम मोठी लागत नाही: चटया, खडू, रंग, कार्डपेपर, खाऊ आणि वह्या. तिचा हिशेब वार्षिक सभेत आपण स्वतः वाचून दाखवावा, म्हणजे पुढच्या वर्षी मागणे सोपे जाते. कोणी म्हणाले की मुलांचे काम म्हणजे वेळ घालवणे, तर संडे स्कूलचा इतिहास सांगावा. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी 1780 साली ही चळवळ उभी केली ती सहा दिवस राबणाऱ्या गरीब मुलांसाठी, आणि तेथे त्यांना आधी वाचायला शिकवले जाई. आपल्या मराठवाड्यातही, जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणाऱ्या रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या कामात चर्चच्या बरोबरीने शाळा होती. तोडीच्या फडातून परतलेल्या ज्या मुलाचे वाचन मागे पडले आहे, त्याला एप्रिलच्या रविवारी वर्गानंतर अर्धा तास वाचायला बसवणे हे या परंपरेला धरूनच आहे, आणि आपल्याइतके ते कोणाला चांगले जमेल?

पालकांची सभा वर्षातून दोनदा घ्यावी, एक जूनमध्ये आणि एक तोडीला निघण्यापूर्वी. त्यांना बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील ती आज्ञा वाचून दाखवावी, जिच्यात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितले आहे. वाटेने चालताना हे शब्द तोडीला जाणाऱ्या आईवडिलांसाठीही आहेत, हे त्यांना जरूर सांगावे. ज्या घरात वडील विश्वासात नाहीत तेथील आईला प्रेषित पौलाचा सहकारी तीमथ्य याचे उदाहरण द्यावे: त्याचे वडील ग्रीक होते आणि विश्वास त्याला आजी लोईस व आई युनीके यांच्याकडून मिळाला.

उन्हाळ्यातील बायबल शाळेविषयी कमिटी आपल्याला नक्की विचारील. पहिल्या वर्षी ती घेऊ नये, असे मी सुचवीन. आधी रविवारचा वर्ग घडी धरू द्यावा. दुसऱ्या वर्षी घ्यायची असल्यास परीक्षा संपताच पाच दिवसांची, सकाळी सातला सुरू होऊन साडेनऊला संपणारी ठेवावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत दहानंतर मुले बसवणे धोक्याचे आहे. टँकरचे गाव असेल तर पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आधी लेखी ठरवावी, मगच तारीख जाहीर करावी.